लहान मुलांसह कोची : पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबासाठी सहलीचे नियोजन

केरळला जायचे ठरले की बहुतेक मराठी कुटुंबांच्या आराखड्यात कोची एका रात्रीपुरते येते. विमानातून किंवा गाडीतून उतरायचे, संध्याकाळी मासेमारीच्या चिनी जाळ्यांसमोर छायाचित्र काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुन्नारच्या रस्त्याला लागायचे, असा तो ठरलेला क्रम असतो. सोबत आठ-नऊ वर्षांखालील मुले असतील तर हा क्रम मोडावा आणि पहिल्या केरळ सहलीत फक्त कोचीच करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मुन्नारचा सुमारे १३० किलोमीटरचा रस्ता चार-पाच तास घेतो, त्यातला बराचसा वळणांचा आहे आणि मागच्या आसनावर बसलेल्या लहान मुलाला त्यातून मिळते ती मळमळच. याउलट फोर्ट कोची हा सपाट, झाडांनी झाकलेला आणि लहान पावलांना झेपेल एवढ्याच अंतरांचा भाग आहे, आणि या शहरात एका ठिकाणाहून दुसरीकडे जायचे तर बोटीत बसावे लागते. मोठ्यांना जो केवळ प्रवास वाटतो तोच मुलांच्या लेखी मुख्य कार्यक्रम असतो. पुढचे सगळे नियोजन या एका गोष्टीवर उभे आहे.

आधी नकाशा डोक्यात बसवावा

नवख्या माणसाचा पहिला गोंधळ नावांचा होतो. कोची हे एका सलग शहराचे नाव नसून खाडीच्या पाण्याभोवती वसलेल्या अनेक भागांचे आहे. पूर्वेला मुख्य भूमीवर एर्नाकुलम आहे; रेल्वे स्थानके, मोठी रुग्णालये, बाजारपेठ आणि मेट्रो तिथे आहेत. पश्चिमेला, समुद्राच्या तोंडाशी, फोर्ट कोची आणि त्याला लागून मट्टनचेरी हा जुना भाग आहे. मध्ये विलिंग्डन बेट आहे. ते निसर्गाने घडवलेले नाही, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रॉबर्ट ब्रिस्टो या अभियंत्याच्या देखरेखीखाली बंदर खोल करताना उपसलेल्या गाळातून ते उभे राहिले. उत्तरेला वायपीन हे लांबट बेट आहे. या पाच नावांपैकी कोणते कुठे आहे हे समजल्याशिवाय राहण्याची जागा नोंदवू नये, कारण संकेतस्थळावर सगळ्याच जागांपुढे 'कोची' एवढेच लिहिलेले असते आणि विमानतळाजवळच्या नेडुंबश्शेरीतले हॉटेलही त्यात मोडते. तिथून जुन्या शहरात यायला दीड-दोन तास सहज लागतात.

दिवस आणि वार निवडणे

डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंतचा काळ सर्वांत सोयीचा असतो. तेव्हाही दुपारी घाम येतो, पण सकाळ-संध्याकाळ सुखाची असते. नाताळ ते ३१ डिसेंबर हा आठवडा मात्र वगळावा. त्या काळात फोर्ट कोचीत कार्निव्हल असतो, वर्षाच्या शेवटच्या रात्री 'पप्पांजी' नावाचा म्हाताऱ्याचा भलामोठा पुतळा जाळतात आणि त्या गर्दीत कडेवर मूल घेऊन उभे राहणे शहाणपणाचे नाही. जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा मिळाला तर उत्तम.

आपल्याकडच्या शाळांच्या सुट्या मात्र दिवाळीत आणि एप्रिल-मेमध्ये येतात, आणि दोन्ही काळ इथे अडचणीचे आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा पाऊस असतो. सकाळी लख्ख ऊन, दुपारी तीन-चारनंतर गडगडाट आणि सरी, असे त्याचे वेळापत्रक असते. हे माहीत असेल तर दिवाळीची सुटीही चांगली जाते. बाहेरचे सगळे दुपारच्या जेवणाआधी आटपून घ्यायचे आणि नंतरचा वेळ छताखाली काढायचा. मे महिन्यातला दमटपणा मात्र मुंबईकरांनाही जड जातो, आणि महिनाअखेरीस पावसाची चाहूल लागते, कारण नैर्ऋत्य मोसमी पाऊस १ जूनच्या सुमारास केरळात दाखल होतो. मे हाच एक पर्याय असेल तर पहिला पंधरवडा घ्यावा आणि वातानुकूलित खोलीवर काटकसर करू नये.

वारांचे गणित महिन्याइतकेच महत्त्वाचे आहे आणि तिथेच आम्ही फसलो. आम्ही शुक्रवारी सकाळी, एक मूल कडेवर आणि एक हाताशी धरून, मट्टनचेरीचा राजवाडा पाहायला गेलो तर दार बंद. शुक्रवार हा राजवाड्याचा साप्ताहिक सुटीचा दिवस. शेजारचे ज्यू लोकांचे प्रार्थनास्थळ शनिवारी, म्हणजे त्यांच्या शब्बाथला, आणि त्यांच्या सणांना बंद असते. शुक्रवारीही तिथे प्रवेशाची खात्री धरू नये. मट्टनचेरी रविवार ते गुरुवार या दिवसांतच ठेवावी. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये रविवारी सकाळी उपासना चालते, त्यामुळे ते इतर वारी पाहावे. त्रिपुणितुरा येथील हिल पॅलेस सोमवारी बंद असतो. हे चार वार कागदावर आधी लिहावेत आणि मगच तिकिटे काढावीत. चार रात्रींचा मुक्काम धरला तर रविवारी पोचून गुरुवारी निघणे हा क्रम सर्वांत सुटसुटीत बसतो. केरळात अधूनमधून हरताळ पुकारला जातो आणि त्या दिवशी वाहतूक व दुकाने थंडावतात. म्हणून एकही दिवस असा नसावा की जो चुकला तर सहल फसेल.

पोचणे

विमानाने मुंबईहून किंवा पुण्याहून साधारण दोन तासांत पोचता येते. दोन वर्षांखालील मूल मांडीवर बसते. उतरताना कान दुखू नयेत म्हणून त्याला त्या वेळी दूध पाजावे किंवा काहीतरी चघळायला द्यावे. विमानतळाबाहेर प्रीपेड टॅक्सी मिळते. रात्री दहानंतर उतरणारे विमान स्वस्त असले तरी घेऊ नये, कारण फोर्ट कोचीपर्यंत जाऊन खोलीत झोपेपर्यंत मध्यरात्र उलटते आणि पुढचा अख्खा दिवस त्याची किंमत मोजण्यात जातो.

पाच वर्षांवरची मुले असतील तर मला रेल्वेच अधिक आवडते. लोकमान्य टिळक टर्मिनसहून निघणारी नेत्रावती एक्सप्रेस रोज आहे. कल्याण-पनवेलमार्गे जाणारी मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस एर्नाकुलमलाच संपते, त्यामुळे पेंगुळलेली मुले आणि सामान घाईघाईने उतरवावे लागत नाही. पुण्याहूनही आठवड्यातून काही दिवस थेट गाडी असते. प्रवास एका पूर्ण दिवसाहून थोडा अधिक आहे. कोकण रेल्वेवर साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा बोगदा येतो, तो किती वेळ चालतो हे मुलांना मोजायला सांगावे. रत्नागिरीजवळचा पानवलचा उंच पूल दिसला की डबा आपोआप शांत होतो. आरक्षण ६० दिवस आधी उघडते. पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही, पण बर्थही मिळत नाही. पाच ते बारा वयाच्या मुलासाठी स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे, नको असेल तर अर्धे. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी पूर्ण भाडे भरून बर्थ घ्यावाच. अर्ध्या भाड्यात वाचलेले पैसे रात्री आई-वडिलांच्या पाठीतून वसूल होतात. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते, तेही पाहून ठेवावे.

राहण्याची जागा

एर्नाकुलममध्ये मोठी, लिफ्ट असलेली हॉटेले आहेत. फोर्ट कोचीत जुन्या बंगल्यांतली होमस्टे आणि छोटी हॉटेले आहेत. मुले लहान असतील तर फोर्ट कोचीतच राहावे, आणि याचे कारण सौंदर्य नाही, दुपारची झोप हे आहे. अकरा-साडेअकराला ऊन चढल्यावर दहा मिनिटांत खोलीवर परतता आले पाहिजे आणि चार वाजता पुन्हा बाहेर पडता आले पाहिजे. खाडीपलीकडे राहिल्यास दुपारची झोप रिक्षात, खांद्यावर आणि अर्धवट होते, आणि त्यानंतरच्या संध्याकाळीबद्दल आई-वडिलांना वेगळे सांगायला नको.

मात्र जुनी घरे मुलांसाठी बांधलेली नव्हती. दूरध्वनी करून पुढील गोष्टी स्पष्ट विचाराव्यात : खोली कोणत्या मजल्यावर आहे, जिना लाकडी आणि उभा आहे का, गच्चीच्या किंवा सज्जाच्या कठड्याच्या गजांमध्ये किती अंतर आहे, अंगणात उघडी विहीर, हौद किंवा कमळांचे कुंड आहे का, खिडक्यांना डासांची जाळी आहे का, जमिनीवर घालायला जादा गादी मिळेल का, आणि सकाळी सहाला कपभर दूध गरम करून मिळेल का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ज्या सुरात येते त्यावरून यजमानांना मुलांची सवय आहे की नाही हे कळते. आम्ही तळमजल्यावरची, किंचित काळोखी खोली वरच्या मजल्यावरच्या सुंदर खोलीऐवजी घेतली आणि चारही दिवस त्याबद्दल स्वतःला शाबासकी दिली.

दिवसाची चौकट

रोज बाहेरचे दोनच भाग ठेवावेत : सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी चार ते साडेसहा. प्रत्येक भागात एकच मुख्य ठिकाण असावे. इतिहासाचे ठिकाण सकाळी आणि पळण्या-खेळण्याचे संध्याकाळी, हा नियम फारसा मोडू नये.

पहिली संध्याकाळ फक्त समुद्रकाठी काढावी. फोर्ट कोचीचा किनारा पोहण्याचा नाही, हे मुलांना खोलीतून निघण्याआधीच सांगून टाकावे, नाहीतर तिथे पोचल्यावर रडारड ठरलेली. पाणी गढूळ असते, प्रवाह ओढणारा असतो आणि पावसानंतर खाडीतून वाहत आलेली जलपर्णी वाळूवर साचते. पाहण्यासारखे मात्र पुष्कळ आहे. बंदराचे तोंड इथे इतके अरुंद आहे की मालवाहू जहाजे काठावरून अगदी हाकेच्या अंतरावरून जातात. मधूनच डॉल्फिनची पाठ दिसते. चिनी जाळी पाहायला भरतीची वेळ धरावी, कारण तेव्हाच ती कामात असतात. सागवानी वासे आणि बांबू यांच्या चौकटीला लटकलेले ते जाळे चार-पाच माणसे दोर ओढून वर घेतात, आणि तोल साधण्यासाठी दुसऱ्या बाजूला दोरांना मोठाले दगड बांधलेले असतात. सी-सॉवर बसलेल्या कोणत्याही मुलाला ही यंत्रणा लगेच समजते. मुलांना दोर ओढायला कोळी स्वतःच बोलावतात. नंतर पैसे मागतात हे गृहीत धरून रक्कम आधी ठरवावी आणि मग मनसोक्त ओढू द्यावे. जाळ्यातून वर काय आले हे पाहण्याची उत्सुकता कुठल्याही संग्रहालयात मिळत नाही. जाळ्यांच्या लाकडी फळ्यांवर मात्र मुलांना एकटे सोडू नये, त्या ओल्या आणि निसरड्या असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेंट फ्रान्सिस चर्च आणि भोवतालचे मैदान पुरे. १५०३ साली उभारलेल्या मूळ चर्चच्या या जागी वास्को द गामाला पुरले होते. तो २४ डिसेंबर १५२४ रोजी कोचीत वारला आणि काही वर्षांनी त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. आत त्याच्या कबरीचा दगड अजून आहे. 'कबर आहे पण आत कोणी नाही' हे वाक्य आमच्या मोठ्या मुलाला इतके आवडले की पुढे दोन दिवस तो प्रत्येक बंद दारामागे कोणी नाही असे जाहीर करत होता. लहानांसाठी तिथली खरी गंमत छताला टांगलेले कापडी पंखे ही आहे : त्यांचा दोर भिंतीबाहेर जात असे आणि बाहेर बसलेला माणूस तो ओढत असे. मग चर्चमधून बाहेर येऊन तो माणूस कुठे बसत असेल हे शोधायला लावावे. समोरच्या परेड मैदानाभोवती पर्जन्यवृक्षांची दाट सावली असते आणि स्थानिक मुलांचे क्रिकेट बहुधा चालूच असते. त्यात शिरायला भाषा लागत नाही.

इतिहास सांगण्याची घाई करू नये. पोर्तुगीज, मग १६६३ पासून डच, मग इंग्रज, ही यादी सहा वर्षांच्या मुलाला निरर्थक आहे. त्याला गोष्ट हवी, आणि कोचीपाशी एक फार चांगली गोष्ट आहे. इथून उत्तरेला मुझिरिस नावाचे प्राचीन बंदर होते, जिथे रोमन जहाजे मिरी न्यायला येत. परंपरेनुसार १३४१ साली पेरियार नदीला प्रचंड पूर आला, ते बंदर गाळाने भरले आणि त्याच पुराने इकडे कोचीचे तोंड रुंद झाले. एका पुराने एक गाव पुसले आणि दुसरे घडवले. एवढी एक गोष्ट आणि खिशातले चार मिरीदाणे, यांवर जुन्या शहराच्या सगळ्या परक्या घरांचा उलगडा होतो.

तिसरी सकाळ मट्टनचेरीसाठी. राजवाडा पोर्तुगीजांनी १५५५च्या सुमारास बांधून कोचीच्या राजाला भेट दिला आणि पुढे डचांनी त्याची डागडुजी केली, म्हणून त्याला डच पॅलेस म्हणतात. आत राजाच्या शयनगृहाच्या भिंतींवर रामायणाची चित्रे आहेत. रामायण आपल्या मुलांना माहीत असते, पण इथली माणसे हिरवट, टपोऱ्या डोळ्यांची आणि भरगच्च दागिन्यांची आहेत. 'यातले हनुमान किती?' असा एकच प्रश्न द्यावा, अर्धा तास शांततेत जातो. पालख्या आणि मेणेही मुलांना आवडतात. छायाचित्रे काढू देत नाहीत. तिथून ज्यू टाउनच्या गल्लीतून पाच मिनिटांत १५६८ साली बांधलेल्या परदेशी सिनेगॉगपाशी, म्हणजे ज्यूंच्या त्या प्रार्थनास्थळापाशी, पोचता येते. तिथे चपला बाहेर काढाव्या लागतात, आणि ते मुलांच्या पथ्यावरच पडते, कारण पायाखाली चीनहून आलेल्या, हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्या आहेत आणि एकीसारखी दुसरी नाही. हुबेहूब सारख्या दोन फरश्या शोधून दाखवण्याची पैज लावावी. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे सगळ्यांनी घालावेत. गल्लीत परतताना सुंठ, मिरी, वेलदोडे, दालचिनी यांचा वास ओळखण्याचा खेळ होतो. रिक्षावाले 'सगळे दाखवतो' म्हणून अगदी थोड्या पैशांत फिरवायला तयार होतात, पण त्या फेरीत दोन-तीन वस्तुभांडारांच्या दारात थांबणे ओघाने येते. मुले सोबत असताना सरळ अंतराचे भाडे ठरवून जावे.

त्याच संध्याकाळी कथकली ठेवायला हरकत नाही, मात्र एका अटीवर : खेळापेक्षा त्याआधीची रंगभूषा पाहावी. फोर्ट कोचीतली काही केंद्रे खेळाआधी तासभर रंगपटात बसू देतात. नट जमिनीवर पडून चेहऱ्यावर हिरवा रंग आणि पांढऱ्या कागदाची झालर चढवून घेतात, आणि एका झाडाचे बी पापणीखाली ठेवून डोळे लालभडक करतात. हे मुले श्वास रोखून पाहतात. प्रत्यक्ष खेळात चेंडा या ढोलाचा आवाज अंगावर येतो. तीन-चार वर्षांची मुले घाबरतात. दाराजवळची आसने घ्यावीत आणि अर्ध्यातून उठण्याचा संकोच बाळगू नये. आमची धाकटी राक्षसाच्या पहिल्याच आरोळीला बाहेर पडली आणि मी उरलेला खेळ अंगणातून ऐकला.

चौथा दिवस पाण्याचा. कोची वॉटर मेट्रो २५ एप्रिल २०२३ रोजी सुरू झाली. या विजेवर चालणाऱ्या, वातानुकूलित बोटी आहेत आणि फोर्ट कोचीहून एर्नाकुलमच्या हायकोर्ट धक्क्यापर्यंत त्या जातात. धक्के तरंगते असल्याने भरती-ओहोटीत बोट आणि धक्का एकाच पातळीवर राहतात व बाबागाडी सरळ आत ढकलता येते. सरकारी साध्या फेरी बोटीही आहेत, त्या अधिक वाऱ्याच्या आणि अगदी स्वस्त आहेत. जाताना एक आणि येताना दुसरी घ्यावी. सुटीच्या संध्याकाळी रांगा लांबतात, म्हणून सकाळी निघावे. पलीकडे मरीन ड्राइव्हचा पायरस्ता आणि सुभाष पार्कमधली खेळणी आहेत. मुलांचा उत्साह टिकला तर मेट्रोने त्रिपुणितुऱ्याला जाऊन कोचीच्या राजघराण्याच्या हिल पॅलेसचे विस्तीर्ण आवार पाहता येते. टिकला नाही तर परत बोटीत बसावे. आमच्याकडे तेच घडले आणि कोणाचीही तक्रार नव्हती.

वाळूत किल्ला बांधायचाच असेल तर वायपीनच्या उत्तर टोकाजवळचा चेराई किनारा त्यासाठी आहे. फोर्ट कोचीहून वाहने वाहणाऱ्या रो-रो बोटीने वायपीनला उतरून पुढे साधारण पंचवीस किलोमीटर जावे लागते. सकाळी लवकर जावे आणि पावसाळ्यात अजिबात जाऊ नये.

बोटीबाबत एक कधीही न मोडायचा नियम

हाउसबोटीचा मोह होतो. आलप्पुळा इथून पन्नासेक किलोमीटरवर आहे आणि दिवसभरात जाऊन येता येते. पण तीन वर्षांच्या मुलाला घेऊन हाउसबोटीवर रात्र काढणे म्हणजे रात्रभर कठड्याकडे डोळे लावून बसणे. दोन तासांची शिकारा फेरी पुरेशी आहे. फेरी कोणतीही असो, मुलाच्या मापाचे लाइफ जॅकेट मिळाले तरच चढावे. मोठ्या माणसाचे जॅकेट लहान मुलाच्या अंगातून निसटते, त्यामुळे 'जॅकेट आहे' एवढ्यावर समाधान मानू नये, अंगावर चढवून, पट्टा आवळून, खांद्यांना धरून वर उचलून पाहावे. ७ मे २०२३ रोजी मलप्पुरम जिल्ह्यात तानूर येथे प्रमाणाबाहेर माणसे भरलेली पर्यटक बोट उलटून २२ जण बुडाले, आणि त्यांत अनेक मुले होती. अंधार पडल्यावरची फेरी, वरच्या मजल्यावर गर्दी झालेली बोट आणि 'काही होत नाही' म्हणणारा नावाडी, यांपैकी एकही दिसले तरी पैसे सोडून परत फिरावे.

मुलांचे खाणे

घरून पोतेभर खाऊ नेण्याची गरज नाही. सकाळी इडली, डोसा सर्वत्र मिळतो, आणि इडियप्पम म्हणजे आपल्या मालवणी शिरवाळ्यांचे सख्खे भावंड. नारळाचे दूध आणि साखर घालून दिले की कोकणातल्या आजीच्या हातची चव ओळखणारे मूल पटकन खाते. अप्पम आणि भाज्यांचा स्ट्यू तिखट नसतो. संध्याकाळी चहाच्या टपरीवर पळमपोरी, म्हणजे पिकल्या नेंद्र केळ्याची भजी, गरमच घ्यावीत. दुपारच्या जेवणात येणारा तांबूस, जाड मट्टा तांदूळ मुले बहुधा नाकारतात. साधा पांढरा भात मागितला तर मिळतो, आणि ताक-भातावर कुठलेही मराठी मूल दोन दिवस काढू शकते. मासे खाणाऱ्या मुलांसाठी मोइली मागावी, ती नारळाच्या दुधातली आणि सौम्य असते. स्वयंपाकातले खोबरेल तेल काहींच्या पोटाला पहिल्या दिवशी जड जाते, म्हणून तळलेले पदार्थ दुसऱ्या दिवसापासून सुरू करावेत.

जेवणाबरोबर टेबलावर गुलाबी पाणी येते. ते सरबत नव्हे. पतिमुखम नावाच्या झाडाच्या लाकडाचे तुकडे टाकून उकळलेले पिण्याचे पाणी असते. उकळलेल्या पाण्यात साधे गार पाणी मिसळले नाही ना, एवढे विचारून घ्यावे. शंका वाटल्यास मुलांना बाटलीबंदच द्यावे.

चार मल्याळम शब्द पाठ करावेत, काम होते आणि करमणूकही होते. 'एरिवु वेण्डा' म्हणजे तिखट नको. 'चूडुवेळ्ळम' म्हणजे गरम पाणी. दुधाला 'पाल' म्हणतात आणि भाताला 'चोरु'. रोज सकाळी पेलाभर पाल पिऊन दुपारी चोर खायचा, या विनोदावर आमची मुले परत येईपर्यंत हसत होती. दुधाच्या पिशव्या 'मिल्मा' या नावाने कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात.

पिशवीत काय हवे

सुती, सैल आणि दिवसाला दोन जोड लागतील इतके कपडे, टोप्या, पटकन सुटणाऱ्या सँडल, कारण देवळात, सिनेगॉगमध्ये आणि बहुतेक घरांत त्या काढाव्या लागतात, छत्र्या, ज्या उन्हालाही चालतात, घामोळ्यांची पावडर, डास प्रतिबंधक मलम, जलसंजीवनीची पाकिटे, तापाचे औषध, ते आपल्या डॉक्टरांकडून मुलाच्या वजनानुसार मात्रा लिहून घेऊनच. फोर्ट कोचीच्या पदपथांवर झाडांच्या मुळांनी फरशा उचललेल्या असतात, त्यामुळे जड बाबागाडी नेऊ नये. घडीची हलकी गाडी किंवा बेबी कॅरिअर बरा. खोलीत पोचताच यजमानांकडून जवळच्या बालरोगतज्ज्ञांचा पत्ता लिहून घ्यावा आणि प्रत्येक मुलाच्या खिशात आपला दूरध्वनी क्रमांक व राहण्याच्या जागेचे नाव असलेली चिठ्ठी ठेवावी.

परतीचा दिवस

या दिवशी काहीही पाहायचे ठरवू नये. मसाले आदल्या दिवशीच घेऊन ठेवावेत. वेलची डोळ्यांदेखत वजन करून घ्यावी, बंद पाकिटातली नको. विमानाने परतणाऱ्यांनी सुक्या खोबऱ्याच्या वाट्या घेऊ नयेत, तेलकट आणि ज्वालाग्राही म्हणून त्या सामानातून काढून ठेवतात. केळ्याच्या काचऱ्या मात्र हव्या तेवढ्या आणता येतात. फोर्ट कोचीहून विमानतळाला जाणाऱ्यांनी उड्डाणाच्या किमान चार तास आधी निघावे, कारण एर्नाकुलम शहर ओलांडताना वाहतूक तुंबते. सकाळचे विमान असेल तर यजमानांना आदल्या रात्री सांगून इडलीचा डबा बांधून घ्यावा. चटणी वेगळी, आणि तीही घट्ट.